उलटा मासा

अडुनोलाने ढिगातलं एक कापड ओढून काढलं आणि नक्षीवर बोट ठेवलं. "हा एकच मासा उलटा का?"

इटोकूच्या बाजारात ओगुनदेलेचं दुकान सगळ्यात मोठं. कारखान्यात छापलेलं निळं कापड तो गठ्ठ्यांनी विकायचा. हाताने नक्षी शिवून, कापड निळीत बुडवून, मग टाक्यांखाली पांढरी राहिलेली नक्षी उघडी करायला एकेक टाका उसवणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय द्यायचा आणि वर त्यांनाच गार पाणी विचारायचा.

"नक्षी आहे, मावशी. मासा कुठंही तोंड करेल."

"मला ताप होता, तेव्हा उलटा शिवला गेला. टाके उसवल्यावर कळलं. असं कापड मी एकच केलं. ज्यावरून तू हे छापलंस, ते तुला कुठं मिळालं?"

"माझ्या डोक्यातली नक्षी आहे ही."

"डोकं कसलं, खोकं ते!" सिकिरा कडाडली. निळीच्या माठांवर ती अडुनोलाच्या शेजारीच काम करायची. "चल गं पंचांकडे. कुलूपच लावू याच्या दुकानाला."

ओगुनदेलेचं हसू मावळलं. अडुनोलाने सिकिराला गप्प केलं.

"मला भांडायचं नाही. नक्षी तूच ठेव, चार माणसांसमोर लिहून देते. ते कापड कुणाकडून आलं, एवढंच सांग."

फुकट नक्षी देणारी बाई! हा सापळाच, असं त्याच्या व्यापारी डोक्याने ठरवलं.

"पाहिलंच नाही, तर सांगू काय?"

"बाबा रे, पाया पडते." ती खरंच गुडघ्यांवर आली. आईच्या वयाची बाई अशी वाकलेली पाहून गर्दी जमली. आता माघार घ्यायची, तर बाजारात तोंड दाखवायची सोय उरली नसती. त्याने कात्री उचलून लोखंडाला ओठ लावले.

"ओगुनची शपथ. असं कापड मी जन्मात पाहिलेलं नाही."

संपलं. लोखंडाच्या देवाची शपथ घेतलेला माणूस उद्या खरं सांगावंसं वाटलं तरी सांगणार नाही. अडुनोला उठली.

वाटेत सिकिरा तणतणतच होती. "एकच केलं होतंस ना? मग विकलंस कुणाला ते सांग. त्यालाच साक्षीला उभा करू."

"विकलं नाही गं. माझी लेक मोरोलाके कामासाठी लिबियाला जायला निघाली, तेव्हा मीच तिच्या अंगावर घातलं. तीन वर्षं झाली, ना तिचा पत्ता, ना त्या कापडाचा."