कावळा शिवेना

दरडीखालून जिवंत निघालेल्या पोरांपैकी मितालीच लवकर सावरली, असं गाव म्हणायचं. शहरातल्या इस्पितळात तिच्या मेंदूतून ती एक रात्र अलगद पुसून टाकली होती. तेव्हापासून तिला शांत झोप लागायची.

आज तिच्या धाकट्या भावाचं, भूषणचं वर्षश्राद्ध होतं. नदीकाठी पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी आंब्यावरचा कावळा काही खाली येईना.

"तुझ्या आईला अंतर देणार नाही रे," काका हात जोडून म्हणाले. "तुझी सायकलही जपू." कावळा ढिम्म.

"पोराच्या मनात काहीतरी राहिलंय," काका मितालीकडे वळले. "तुलाच ठाऊक असणार. ढिगाऱ्याखाली रात्रभर तुम्ही दोघं बोलत होता. माती उपसणाऱ्यांनी पहाटेपर्यंत दोन आवाज ऐकले होते."

मितालीने मनाचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. भूषण चुलीपाशी भाकरी खात होता, आणि त्यानंतर एकदम इस्पितळाची पांढरी भिंत. मधे काहीच नव्हतं.

"मला नाही आठवत, काका."

आईने तोंडात कोंबलेला पदराचा बोळा बाहेर काढला. "मीच डॉक्टरांना म्हटलं, सगळं पुसा. पोर रात्ररात्र किंचाळायची. किंचाळता किंचाळता काहीतरी सांगायची, आणि मी कान झाकून घ्यायचे."

मिताली उठली आणि पिंडासमोर जाऊन बसली. तिने वर आंब्याकडे पाहिलं.

"भूषण, पुन्हा एकदा सांग ना रे," ती हळूच म्हणाली. "या वेळी कुणाला पुसू देणार नाही."