दोन मिनिटांत झोपवते!

"तू जा गं खुशाल जेवायला. दोन मिनिटांत झोपवते मी याला!" असं म्हणत चारूने ज्योत्स्नाकाकूला अक्षरशः दाराबाहेर ढकललं.

पिंपळनेरच्या त्या लॉजवर सातजणांत मिळून एकच मोठी खोली होती. तीन वाजता धबधब्याला न्यायला जीप येणार होती. तोवर काकूच्या कुंदनची झोप झाली नाही तर तो तिथे रडून उच्छाद मांडणार, आणि मग काकूलाच त्याला घेऊन खोलीत बसावं लागणार. बिचारी रात्रभर त्याच्यामागे जागी होती. चारूने मनावर घेतलं. ती दहावीत होती, आणि तिने मनावर घेतलं म्हणजे ते झालंच असं समजायचं.

पण दोन वर्षांच्या कुंदनला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याला घरच्यासारखी झोळी हवी होती. चारूने काउंटरवर फोन करून दोर आणि जाड चादर मागवली आणि तोवर त्याला थोपटलं, येत होती तेवढी सगळी गाणी म्हटली, खांद्यावर टाकून खोलीत वीस फेऱ्या मारल्या. कुंदनने तिचा चष्मा ओढला, पाण्याची बाटली लवंडली आणि वर भोकाड पसरलं. पलीकडच्या खाटेवर चारूचे वडील, आबा, पडले होते. घरच्या बागेतल्या केळीच्या कटाईतून कसेबसे दोन दिवस काढून आलेले. त्यांनी 'च्' केलं आणि कूस बदलली.

आता चारूकडे एकच उपाय उरला. घरी आजी करायची तोच. तिने आजीचाच आवाज काढला.

"निज बरं लवकर, नाही तं भिल येईन आन पोत्यात घालून नेईन!"

कुंदन थबकला. बाहेर पावलं वाजली. चारूला आणखीच स्फुरण चढलं.

"ऐक! आला बघ भिल! आला पोतं घेऊन!"

दार ढकललं गेलं. दारात एक काळासावळा, मिशीवाला माणूस. खांद्यावर दोर, काखेत मोठी घडी. कुंदनने श्वास आत ओढला, चारूच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि गप्प झाला. एकदम गप्प.

जमलं की! चारूला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मग तिने त्या माणसाकडे पाहिलं. तो उंबऱ्यातच थांबला होता. त्याच्या खिशावर नावाची पट्टी होती: करमसिंग.

"पोतं नाही, ताई," तो हळूच म्हणाला. "चादर आणलीय."

चारूचे कान तापले. गेल्याच महिन्यात वक्तृत्वाची ढाल जिंकलेल्या त्या मुलीला एक धड वाक्य सापडेना.

"तुम्हाला... तुम्हाला नव्हतं म्हटलं."

"मग कोणाला?"

तो काही रागावून विचारत नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीच्या कडेकडेने आत आला, लेकराला आपलं तोंड दिसू नये अशा बेताने पाठ करून उभा राहिला आणि खिडकीच्या गजाला दोर बांधू लागला. चारू कुंदनला छातीशी धरून उभीच. त्याचं काळीज चिमणीसारखं धडधडत होतं, ते तिला स्वतःच्या अंगावर कळत होतं.

"सॉरी, भाऊ," ती शेवटी पुटपुटली. "आमच्याकडे लहानपणापासून तसं म्हणतात. म्हणजे... सगळेच म्हणतात."

"म्हणतात. आमच्याकडेपण म्हणतात."

"भिल येईल म्हणून?"

"आम्हीच भिल. आम्ही कोणाला बोलावणार?" तो जरासा हसला. तेवढ्यानेही चारूला हायसं वाटलं.

"मग काय म्हणतात?"

करमसिंगने दोराचं दुसरं टोक कपाटाच्या कडीतून ओवलं. "तुम्ही कुठल्या, ताई?"

"रावेरची." एरवी ती हे कशी छाती पुढे काढून सांगायची!

त्याचा हात गाठीवरच थांबला. "मग राहू द्या."

"नाही, सांगा ना. प्लीज."

त्याने चादर दोरावर टाकली, पदर दुमडून झोळी केली, हाताने दाबून वजन पेलतं का ते पाहिलं. मग म्हणाला, "माझा पाडा तिकडचाच. पाल गावाच्या वर, डोंगरात. तिथं लेकरू झोपत नसलं का माय म्हणते, झोप, नाहीतर रावेरचा ट्रॅक्टर येईल."

चारूला हसूच आलं. "ट्रॅक्टर? त्याला काय घाबरायचं?"

"तो खरंच येतो ना, ताई. पहाटे. माय जाते त्याच्यात बसून, केळी कापायला. लेकरू उठतं तर घरात माय नसते."

चारूचं हसू तोंडावरच राहिलं. तिने कुंदनला झोळीत ठेवलं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते, पापण्या थरथरत होत्या. करमसिंगने झोका द्यायची दोरी तिच्या हातात दिली.

"हळू ओढा. घाबरून झोपलेलं लेकरू दचकून उठतं," एवढं बोलून तो गेला. जाताना दार आवाज न करता लोटून घेतलं.

झोळी एकदोनदा हलली आणि थांबली. दोरी चारूच्या मुठीत तशीच.

पलीकडच्या खाटेवरून आबांनी डोळे न उघडताच विचारलं, "शाब्बास गं पोरी! एवढ्या लवकर कसा काय झोपवला?"