आठ महिने आणि दोन ओळी

पीएच.डी.च्या सरांचं पाकीट पॉलिनने उभ्या उभ्याच फोडलं. आत एका अमेरिकन नियतकालिकातल्या लेखाची झेरॉक्स होती आणि सोबत चिठ्ठी : ‘बंगलोरच्या लायब्ररीत हे हाती लागलं. १९७९ सालचं आहे. आपल्या विभागात हा अंक कधी आलाच नाही. तुझा सिद्धान्त यात जसाच्या तसा आहे. सोमवारी येऊन भेट. नवा विषय घेऊ, नाहीतर तुला थांबायचं असेल तर तसं सांग.’

ती ओटीवर बसली. तिचा बाप, लुईस, मळ्यातून खुडून आणलेली विड्याची पानं लावत होता. मोठी एका बाजूला, मधली दुसऱ्या बाजूला, बारकी मांडीवर.

“कोणाचं गं पत्र?”

“सरांचं. माझं चार वर्षांचं काम फुकट गेलं, बाबा. दुसऱ्याने आधीच केलंय.”

“कोणी?”

“अमेरिकेतला कोणीतरी.”

लुईसचे हात चालूच होते. “काम काय होतं, ते तरी सांग. तुझी सालोमीमावशी दर वेळी विचारते, पोरगी शिकते काय. मी आपला सांगतो, मशीनचं कायतरी.”

चार वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. दोन खोल्यांच्या त्या संगणक विभागात पीएच.डी. करणारी ती एकटीच.

तिने टोपलीकडे बघितलं. “समजा, लाखभर पानं आहेत आणि मांडीवर एका वेळी दहाच मावतात. सगळी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायची. तर एकेक पान निदान किती वेळा उचलावं लागेल? त्याहून कमीत भागणारच नाही, हे मी सिद्ध केलं होतं.”

“किती वेळा?”

“जवळजवळ पाच.”

“आणि त्याचे किती आले?”

“पाचच.”

“मग बरोबर आहे की तुझं.”

“बरोबर असून काय करू? आता ते त्याचं झालं.”

तिने लेख चाळायला घेतला. तिसऱ्या पृष्ठावर ती थांबली. “इथे मी आठ महिने अडकले होते. आणि यानं दोन ओळींत उरकलंय. म्हणतो, ‘हे सहज दिसून येतं.’”

लुईसने हातातलं पान खाली ठेवलं, ओले हात पंच्याला पुसले आणि कागद मागून घेतला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. तरी तो त्या दोन ओळी बघत राहिला.

“सहज म्हणतो?”

“तसंच लिहिलंय.”

“माझा बापूस पण म्हणायचा, वेलीला पाणी किती घालायचं ते सोपं आहे. आणि स्वतः तीन वर्षं वेली कुजवल्या होत्या त्याने.” त्याने कागद परत दिला. “लबाड आहे हा तुझा माणूस.”

तो पुन्हा पानं लावू लागला. पॉलिनने आतून वही आणली, एक कोरा कागद फाडला आणि लेखाखालचा लेखकाचा पत्ता बघून वर लिहिला. मग तिने एकच ओळ लिहिली : तिसऱ्या पृष्ठावरच्या त्या दोन ओळींना तुम्हाला किती महिने लागले?