शनिवारचा बॅकअप

शब्बाथ, म्हणजे ज्यूंनी शनिवारी काम न करण्याचा नियम, मोडणारा सापडला. छे, कुणा माणसानं तो मोडलाच नाही, असं मी लिहून दिलंय. इस्राएलमधल्या येरुहामच्या आमच्या, भारतातून आलेल्यांच्या सिनेगॉगमध्ये सभासदांची यादी कॉम्प्युटरवर आहे. यादीत बदल झाला, तरच फ्लॉपीवर बॅकअप घेणारा प्रोग्राम मी बसवला. रविवारी मुकादमांनी, म्हणजे सिनेगॉगच्या प्रमुखांनी, बॅकअपची तारीख पाहिली: शनिवारची. "शब्बाथला यादीला हात कोणी लावला? कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली रिबकाकडंच असते." "अंकल, शब्बाथला मी दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही," टायपिस्ट रिबकामावशी म्हणाली. "उद्यापासून इथलंही दाबू नकोस. घरी बस." मी प्रोग्राम तपासला. तो रोज तपासणीची वेळ त्याच यादीत लिहायचा, दुसऱ्या दिवशी तोच बदल पकडायचा. "म्हणजे शब्बाथ कॉम्प्युटरनं मोडला," मुकादम म्हणाले. मावशीची नोकरी वाचली. यरुशलेमला मुख्य धर्मगुरूंकडं मुकादमांचा अर्ज गेला: "आम्ही भारतातून आलो तेव्हा आम्ही ज्यू असल्याचे पुरावे आपण मागितले होते. आता कृपया कॉम्प्युटर ज्यू नसल्याचा दाखला द्यावा."