थेंबाचा वेग

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ चेन खाऊन टाकतं, म्हणून मी मोटारसायकलला आपोआप तेल सोडणारा ऑइलर बसवला. दुपारी माझी पहिलीच खेप होती. आयांनी दान केलेलं अंगावरचं दूध ॲबर्डीनच्या इस्पितळातल्या तान्ह्या बाळांसाठी पोचवायचं, फुकट, हौसेने. इंजिन चालू करून थेंबाचा वेग जुळवत होते, तेवढ्यात एरवी मोटारसायकलकडे ढुंकूनही न बघणारी आई चहा घेऊन गॅरेजमध्ये आली.

"अगं, धार सोडलीस की! थांब."

"तुला काय कळतंय यातलं?"

तिने चहाचा मग माझ्या हातात कोंबला, खाली बसली आणि स्क्रू जरासा फिरवला. नळीच्या टोकाशी थेंब हळूहळू फुगला. ती श्वास रोखून बघत राहिली. थेंब चेनवर पडला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"सातव्या महिन्यात झालीस तू, कर्स्टी. काचेच्या पेटीत होतीस. मला दूधच येईना. कुणा दुसरीचं दूध याच वेगाने उतरायचं तुझ्या पोटात."

मी हेल्मेट उचललं.

"आता नीघ," ती म्हणाली. "तिकडे कुणीतरी थेंबाकडे डोळे लावून बसली असेल."