ग्राहकाची भूमिका

शिट्टी वाजली तेव्हा फळ्यावर सुबक आखलेला आराखडा होता आणि टीम लीडच्या हातात एक कोरा कागद.

"पहिली फेरी संपली," प्रशिक्षक म्हणाला. "दाखवा ग्राहकाला."

"पंधरा मिनिटांत काय डोंबल दाखवणार?" लीड पुटपुटला.

खेळ सोपा होता. हॉस्पिटलात नंबर लावायचं त्यांचंच ॲप, पण कागदावर. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार फेऱ्या. दर फेरीला थोडंसंच करायचं, पण चालेल असं करायचं. ग्राहकाला दाखवायचं आणि तो म्हणेल तसं बदलायचं. खरं ॲप सोमवारी आणखी चाळीस हॉस्पिटलांत जाणार होतं. कामाचा डोंगर पडलेला असताना वरिष्ठांनी अख्ख्या टीमला या पोरखेळात बसवलं होतं, म्हणून लीड सकाळपासून धुमसत होता.

ग्राहक म्हणजे दाराजवळच्या खुर्चीतल्या पन्नाशीच्या बाई. फेरी अर्धी झाल्यावर आल्या होत्या. "या, तुमचीच वाट बघत होतो," म्हणत प्रशिक्षकाने त्यांना बसवलं होतं.

बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "यात नंबर कुठे लावायचा?"

टीममधली टेस्टर फिसकन हसली. लीडचे कान तापले.

दुसऱ्या फेरीत त्याने कामं वाटून दिली आणि कुणाला मान वर करू दिली नाही. सहा रंगीत पानं तयार झाली. बाईंनी एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"रद्द करा."

"आणि चुकून बोट लागलं तर?"

"चुकून लावायचंच नाही."

"अहो, एका हाताने ह्यांना धरलेलं असतं, दुसऱ्या हातात फोन. लागतं बोट. मग नंबर गेला तो गेलाच."

लीडने प्रशिक्षकाकडे पाहिलं. पढवून तर चांगलंच आणलं होतं बाईंना.

"सर, पुढचं करण्याआधी काकूंनाच विचारू या का?" टेस्टर म्हणाली.

"विचारत बसलो तर वर्ष जाईल."

तिसऱ्या फेरीत त्याने 'रद्द'च्या आधी एक सूचना घातली, पाच ओळींची, बारीक अक्षरांत. बाई चष्मा वरखाली करत वाचत राहिल्या. शिट्टी वाजली तरी त्या दुसऱ्याच ओळीवर होत्या.

"असंच होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज कापला. "दर वेळी असंच होतं."

"मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका हो," लीड वैतागून म्हणाला.

बाई चष्मा पुसत राहिल्या.

चौथ्या फेरीला लीडने हात टेकले. "विचारा बाबा काय विचारायचं ते."

टेस्टर खुर्ची ओढून बाईंजवळ बसली. बाई सांगत गेल्या, ती काढत गेली. दहा मिनिटांत एकच पान झालं. मोठी अक्षरं, आणि खाली ठळक बटण: 'चुकून रद्द झालं? नंबर परत घ्या.'

बाईंनी त्यावर बोट ठेवलं. परत एकदा ठेवलं. "हे जमतंय मला."

टाळ्या पडल्या. दिवसभरात पहिल्यांदाच लीडच्या कपाळावरची आठी सुटली. एवढीशी तर गोष्ट. आपण तीनदा डोकं आपटलं आणि विचारायचं तेवढं राहिलं. तो प्रशिक्षकाजवळ गेला.

"मानलं तुम्हाला. पण या बाई कुठून शोधून आणल्यात? काय काम केलं! मला तर खरंच वाटायला लागलं होतं."

"मी कुठे आणलं?" प्रशिक्षक म्हणाला. "ग्राहक म्हणून कुणाला तरी पाठवा, असं मी तुमच्याच ऑफिसला सांगितलं होतं."

दोघेही वळले. बाई उठून त्यांच्यासमोरच येऊन उभ्या होत्या.

"खाली रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, ॲपची माणसं या खोलीत बसलीत, तक्रार त्यांनाच सांगा," त्या म्हणाल्या. "चार-चार वेळा ऐकून घेतलंत, उपकार झाले. आता एवढंच सांगा, ह्यांच्या डायलिसिसचा गेलेला नंबर आज परत मिळेल ना?"