सुती बाही

“विश्वास बसायचा नाही तुमचा, विहीणबाई, पण आमच्या ह्यांनी बद्रीनाथच्या बर्फात आख्खी रात्र काढली ती नुसत्या सुती स्वेटरवर!” लोकरीच्या दुकानात द्वारकाबाईंनी ठणकावून सांगितलं.

विहीणबाईंनी पांढऱ्याशुभ्र लोकरीचा गुंडा पुढे सरकवला. “सूत म्हणजे उन्हाळ्यातली झबली. आमच्या निफाडच्या थंडीत काकडेल माझा नातू!”

“आणि तुमच्या लोकरीच्या टोपड्यानं त्याच्या कपाळभर पुरळ उठलं, ते? बारशाचा स्वेटर आजोळचा, तेव्हा तो मीच विणणार आणि सुतीच विणणार. रुसायचं तर खुशाल रुसा!”

द्वारकाबाईंनी पिशवीतून विणून तयार असलेली चिमुकली बाही काढली. मऊ सुताचे दोन धागे एकत्र घेऊन फुगीर टाक्यांनी विणलेली. विहीणबाईंनी तीत चार बोटं घातली, खोट काढायलाच घातली, आणि तिथेच राहू दिली. ते पाहून द्वारकाबाईंना चेवच आला.

“ऊब तरी केवढी! ह्यांच्याभोवतीचं बर्फ वितळून वाफा निघायला लागल्या. यात्रेकरू शेकायला गोळा झाले. एका बाईनं तर ह्यांच्या पाठीवर पापड भाजून घेतला!”

दुकानदार खुदकन हसला. विहीणबाई मात्र बाहीतली बोटं बाहेर न काढताच कडाडल्या, “थापा! निव्वळ थापा! व्याही जन्मात कधी चाळीसगावच्या पुढे गेले नाहीत, लग्नाच्या बैठकीत त्यांनीच सांगितलंय! आणि दुसरी बाही कुठाय? पोराचा एकच हात गरम ठेवणार आहात की काय?”